आप्पांच्या चार खेपा

आमच्या पाण्याच्या रांजणात एक वेळूची काडी उभी असायची. तिच्यावर चाकूनं पाडलेल्या खाचा होत्या. एक खाच म्हणजे घरातल्या सगळ्यांचं एका दिवसाचं पिण्याचं पाणी. पूर्वी सरकारी दवाखान्यात औषधाच्या बाटलीवर दातेरी कापलेली कागदाची पट्टी लावून देत, एक दाता म्हणजे एक डोस. ज्यांनी तशी बाटली हातात धरून घर गाठलं असेल त्यांना ही काडी कुणी केली असेल ते सांगायला नको. दुष्काळाच्या त्या वर्षी नांदेडात आमच्या गल्लीतल्या नळाला दिवसाआड पाणी यायचं, कधी तेही नाही. बाकीच्या घरांतल्या बायका रांजणात डोकावून काय ते ठरवायच्या. आमच्या घरात सासरे कंपाउंडर होते.

सगळी गल्ली त्यांना कंपाउंडर आप्पा म्हणायची. निजामाच्या अमदानीत ते नोकरीला लागले आणि देगलूर, बिलोली, कंधार असे फिरत फिरत नांदेडला येऊन रिटायर झाले. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा आणि खिशात शाईचं पेन. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "अंदाजानं माणसं मरत्यात, बाई." लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला या वाक्याचा फार राग यायचा. मी वरणात चिमटीनं मीठ टाकायची आणि आप्पा जेवायला बसलेले असताना टक लावून बघायचे. एकदा मी चिडून म्हणाले, "आप्पा, मीठ काय काट्यावर तोलू का?" त्यांनी माझ्या चिमटीकडं पाहिलं, पुन्हा एकदा टाकायला सांगितलं, मग पुन्हा एकदा. तिन्ही वेळा सारखंच मीठ पडलं. "मग ठीक हाय. तुझा हातच माप हाय," म्हणाले आणि त्यानंतर स्वयंपाकघरात कधी डोकावले नाहीत.

सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणायचो. त्यांचं माहेर बिदरकडचं. मी आले तेव्हा त्या धडधाकट होत्या, मोठमोठ्यानं बोलायच्या, मराठीत कानडी मिसळून मला हसवायच्या. दोन वर्षांनी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. मराठी तर सगळं पुसलं गेलं, कानडीतला एक शब्द तेवढा राहिला. साकु. म्हणजे पुरे. भात हवा असला तरी साकु, पाठ दुखत असली तरी साकु. आप्पा मात्र त्यांच्याशी कानडीत सविस्तर बोलत बसायचे. गल्लीत काय झालं, मुलाचं पत्र आलं, नळाला आज पाणी आलं नाही. त्यांच्या पिढीतल्या पुरुषाला बायकोची वेणी घालताना मी दुसरीकडं कुठं पाहिलं नाही. दर दोन तासांनी ते अव्वांना कुशीवर वळवायचे. त्यांच्या पाठीवर तेवढ्या दिवसांत एकदाही जखम झाली नाही.

बसवराज, म्हणजे माझे यजमान, एका सरकारी कचेरीत कारकून होते. लातूरचा नवा जिल्हा झाला आणि तिथं रोज एक नवी कचेरी उघडायला लागली. माणसं हवी होती. चैत्रात यांच्या हातात बदलीचा हुकूम पडला. हे एकटेच पुढं गेले, कुणाच्या तरी खोलीवर राहिले आणि घर शोधू लागले. त्या दिवसांत लातुरात घर मिळणं फार कठीण झालं होतं. बाहेरून आलेल्या नोकरदारांनी खोल्या भरल्या होत्या आणि पाण्याचे टँकर ज्या गल्लीत येतात तिथं तर उभं राहायलाही जागा नव्हती. अखेर एक घर मिळालं. पुढची खोली माळवदाची, म्हणजे मातीच्या छताची, गार. मागची पत्र्याची. टँकर कोपऱ्यावर यायचा. मालकानं सांगितलं, वैशाख संपायच्या आत बिऱ्हाड आणा, नाहीतर दुसऱ्याला देतो. इकडं नांदेडच्या घरमालकाच्या मुलाचं लग्न निघालं होतं. त्यालाही आमच्या खोल्या महिनाअखेर हव्या होत्या.

मी म्हणाले, "पाऊस पडू द्या, मग जाऊ. अव्वांना या उन्हात कसं न्यायचं?" रविवारी हे आले होते. त्यांनी डोकं धरलं. "पावसापर्यंत राहायचं कुठं? हे घर जाईल आणि तेही जाईल." आम्ही दोघं आवाज चढवून बोलत होतो. आप्पा अव्वांच्या खाटेवर पायाशी बसले होते. तिथूनच म्हणाले, "नेऊ. पण अंदाजानं न्हाई न्यायचं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तयारी सुरू केली. अव्वांचं वजन त्यांना माहीत होतं, दवाखान्याच्या काट्यावर त्यांनीच केलेलं. तेवढ्या वजनाचं ज्वारीचं पोतं भरून त्यांनी ते हाताच्या खुर्चीत बसवलं आणि धोतराच्या पट्ट्यांनी बांधलं. मग शेजारच्या हमीदभाईंना बोलावलं. हमीदभाई दवाखान्याचे जुने ड्रायव्हर, आप्पांचे दोस्त. दोघा म्हाताऱ्यांनी ती खुर्ची उचलून आमच्या ओट्याच्या पायऱ्या उतरवल्या, चढवल्या, पुन्हा उतरवल्या. गल्ली गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, "आप्पा, पोतं कुठं निघालं?" आप्पा हसले नाहीत. तिसऱ्या पायरीवर खुर्ची पुढं कलते, असं त्यांनी वहीत लिहिलं आणि त्या पायरीवर एक सपाट दगड बसवून टाकला. ती शंभर पानांची वही अजून माझ्याकडं आहे. पहिल्या पानावर "श्री" आणि त्याखाली "लातूर".

मग ते म्हणाले, "मी एकदा जाऊन येतो." मला वाटलं घर बघायला. ते पहाटेच्या पहिल्या गाडीनं गेले आणि दिवेलागणीला परत आले. चेहरा रापून काळवंडला होता, पण डोळे चमकत होते. लातूरच्या खोलीत टेप लावून त्यांनी खिडकीची उंची मोजली होती आणि खाटेचे चार पाय कुठं येतील तिथं फरशीवर खडूनं चार गोल काढून ठेवले होते. "भिंतीपासून दीड हात लांब. भिंत दुपारची तापती," ते मला समजावून सांगत होते. रस्त्याचंही सगळं लिहिलं होतं. पहाटेच्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला सावली असते. पण अगदी पुढच्या बाकावर इंजिनाची धग येते, मागच्या बाकावर हिसके बसतात. लोह्याला गाडी थोडाच वेळ थांबते, उतरू नये.

चार दिवसांनी ते पुन्हा गेले. या वेळी भिंतीवरचा उष्णता मोजायचा काचेचा पारा काढून बरोबर नेला आणि खिडकीच्या गजाला बांधला. लोक हसले असतील. त्यांनी चौथ्या बाकाची जागा पक्की केली. अहमदपूरला स्टँडवरच्या कँटीनमध्ये माठाचं पाणी मिळतं, माणूस भला आहे, आधी सांगितलं तर गाळून ठेवतो. तिसऱ्या खेपेला ओली चादर खिडकीला लावली तर ती किती वेळात वाळते ते बघून आले. प्रत्येक वेळी लातूरला पोचायचे, यांच्या कचेरीत जाऊन चहा घ्यायचे, आणि दुपारच्या गाडीनं माघारी निघायचे. मुक्काम करत नसत. संध्याकाळी अव्वांची पाठ पुसायची असे आणि ते काम त्यांनी माझ्यावर कधी सोपवलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेनंतर मी त्यांना अडवलं. त्यांच्या ओठांना भेगा पडल्या होत्या, चप्पल काढताना तोल जात होता. "आप्पा, पुरे झालं आता. तुमचं वय काय, ऊन काय." ते ओट्यावर बसून पाय चोळत होते. "शैला," म्हणाले, "तिला सांगता येत न्हाई. तहान लागली, डोकं तापलं, जीव घाबरा झाला, काई सांगता येत न्हाई. आपण म्हणणार, झोपली वाटतं. मग कुणीतरी आधी तिच्या जागी बसून बघाया पाहिजे का न्हाई?"

निघायला आठवडा उरला होता. मी बांधाबांध करत होते. भांडी पोत्यात, कपडे बोचक्यात, काचेचं सामान गोधडीत. आप्पा मागं मागं फिरत होते. कुठल्या बोचक्यात काय, वर काय, खाली काय, सगळं वहीत. एखादं पोतं मी बांधून टाकलं की ते सोडायला लावायचे, कारण अव्वांचा पेला त्यात गेला का याची खात्री नसे. मी वैतागले होते. तेवढ्यात ते म्हणाले, "उद्या एकदा जाऊन येतो." मी विचारलं, आता कशाला? "ऊन वाढलंय. मागल्या खेपेचं माप आता चालणार न्हाई. आन् पाणी गार किती वेळ राहतं तेबी बघायचं राहिलंय."

हमीदभाई दारातच होते. ते म्हणाले, "आप्पा, इत्ती धूप में नक्को जाव. रास्ते पर कौवा भी नहीं दिखरा." आप्पांनी हात हलवला. आणि मी काय केलं ते मला इथं लिहिलंच पाहिजे. मी त्यांना अडवलं नाही. एक दिवस आप्पा घरात नसतील तर माझी बांधाबांध उरकेल, असं मला वाटलं. पहाटे उठून मी दशम्या आणि कांद्याची चटणी बांधून दिली. काचेच्या दोन बाटल्या पाण्यानं भरून त्यांना ओलं गोणपाट शिवून दिलं. ते गेले आणि मी खरोखर पटापट कामाला लागले.

त्या दिवशी परतीची गाडी अहमदपूरच्या पुढं उजाड माळावर बंद पडली. हे आम्हाला नंतर एका मास्तरांकडून कळलं. ते त्याच गाडीत होते आणि आप्पांना स्टँडवरून रिक्षात घालून घरी घेऊन आले. माळावर झाड नव्हतं. गाडीचा पत्रा इतका तापला होता की आत बसवत नव्हतं. जवळच्या विहिरीत पाणी नव्हतं. दुसरी गाडी येईपर्यंत सगळे गाडीच्या चिंचोळ्या सावलीत दाटीवाटीनं उभे होते. आप्पांची एक बाटली संपली होती. दुसरी भरलेली होती. मास्तर म्हणाले, "मी त्यांना दोनदा म्हणालो, आजोबा, ती पिऊन घ्या. ते म्हणाले, ती प्यायची न्हाई, ती बघायची हाय."

घरात शिरले ते सरळ अव्वांच्या खाटेकडं गेले. भिंतीला धरून. मग मला हाक मारली आणि दुसरी बाटली पुढं केली. "हात लावून बघ. गार हाय का?"

मी गोणपाटात हात घातला. बाटली गार होती.

"हाय, आप्पा."

"लिही मग. माझ्या हातानं अक्षर येईना."

मी वहीत लिहिलं. लिहीत असताना ते म्हणाले, "शैला, मला घाम येईना झालाय. हे चांगलं न्हाई." आवाज अगदी शांत होता, दवाखान्यात दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसा. मी ती बाटली उघडून त्यांच्या तोंडाला लावली तर दोन घोट गेले आणि उलटून पडले. मग ते कानडीत बोलायला लागले. काय बोलत होते ते मला कळलं नाही. अव्वांना कळत असावं, कारण त्या खाटेवरून डावा हात त्यांच्याकडं लांबवत होत्या. तो पोचत नव्हता. मी हमीदभाईंना हाक मारली. त्यांनी आप्पांना उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यातले जुने लोक त्यांना ओळखत होते, धावत आले. ओली फडकी, बर्फ, सलाईन, जे होतं ते सगळं केलं. ताप उतरलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

तार मिळताच हे निघाले, दुपारी पोचले. आमच्यात दहन करत नाहीत, माणसाला बसवून मातीत ठेवतात. आप्पांना पुढच्या खोलीत भिंतीशी बसवलं होतं, कपाळभर विभूती लावून. समोरच अव्वांची खाट. ती हलवावी का, असं कुणीतरी विचारलं. मी नको म्हणाले. अव्वा बघत राहिल्या. साकुसुद्धा म्हणाल्या नाहीत. पाऊस नसल्यामुळं जमीन खडकासारखी झाली होती. खड्डा खणणाऱ्यांनी पहारी घेतल्या तरी खूप वेळ लागला आणि तोवर उन्हं कलली.

रात्री जेवायला कुणी बसलं नाही. यांनी मला एकच प्रश्न विचारला. "चौथ्यांदा कशाला जाऊ दिलंस?" मग तेच म्हणाले, "तीन वेळा मीच त्यांना दुपारच्या गाडीत बसवून दिलं. काल चौथ्यांदा. एकदाबी म्हणालो न्हाई, आप्पा, आज मुक्काम करा." आमच्या डोक्यात फक्त जाणं होतं. आप्पांच्या वहीतही फक्त जाणंच होतं. येण्याबद्दल तिच्यात एक ओळ नव्हती. या विषयावर आम्ही नवराबायको त्यानंतर कधी बोललो नाही. वीस-बावीस वर्षं झाली असतील.

महिना संपत आला होता. घरमालक भला होता, म्हणाला राहा अजून आठ दिवस. पण लातूरचा मालक थांबणार नव्हता. पाचव्या दिवशी सामानाचा ट्रक हमीदभाईंबरोबर पुढं गेला आणि आम्ही पहाटेच्या गाडीनं निघालो. वही माझ्या मांडीवर होती. तिच्यात लिहिलं होतं तसं आम्ही करत गेलो. खुर्ची तिसऱ्या पायरीवर कलली नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं चौथं बाक धरलं. अव्वांना माझ्या अंगावर टेकवून घेतलं. कुणी कुठं बसायचं तेही लिहिलं होतं. खिडकीशी अव्वा, मग शैला, कडेला बसवराज. स्वतःचं नाव त्यांनी लिहिलं नव्हतं. ओली चादर खिडकीवर धरून कुणीतरी उभं राहायला हवं होतं, ते काम त्यांनी स्वतःकडं ठेवलं असणार. ते यांनी केलं. लातूरपर्यंत हे बसले नाहीत.

अहमदपूरला कँटीनमधला माणूस गाळलेलं पाणी घेऊन खिडकीशी आला. इकडंतिकडं बघत म्हणाला, "कंपाउंडर साहेब आले न्हाईत?" यांनी त्याला खाली उतरून बाजूला नेलं. वहीत पुढं लिहिलं होतं, चाकूरनंतर एक वळण आहे, तिथं ऊन समोरून आत येतं, चादर पुढच्या खिडकीवर घ्यावी. मी ते वाचलं आणि मान वर केली तेवढ्यात वळण आलं. ऊन अगदी त्यांनी लिहिलं होतं तिथं, अव्वांच्या गुडघ्यांवर पडलं. यांनी चादर पुढं ओढली.

अव्वा सुखरूप पोचल्या. अंग तापलं नाही, ओठ सुकले नाहीत. नव्या घरात फरशीवर खडूचे चार गोल होते, कुणी पुसले नव्हते. त्यांच्यावर खाटेचे पाय ठेवले. खोली खरंच गार होती. त्यानंतर अव्वा सात वर्षं जगल्या, त्याच खाटेवर, त्याच जागी. त्यांची पाठ मी पुसायची, दर दोन तासांनी कूस मी बदलायची. वेणी मला आप्पांसारखी जमली नाही, त्या मान झटकायच्या.

एक गोष्ट मला शेवटपर्यंत जमली नाही. झटका आल्यापासून अव्वांचा उजवा डोळा नीट मिटत नसे. त्यातून सारखं पाणी वाहायचं. नांदेडला आप्पा मऊ धडप्यानं तो पुसायचे. कधी पुसून लगेच उठायचे. कधी मात्र धडपं तसंच हातात धरून बसून राहायचे, अव्वांच्या कपाळावर हात ठेवून. मी एकदा विचारलं होतं, रोज तर येतं पाणी, आज काय झालं? ते म्हणाले, "आज रडून राहिली हाय."

लातूरला सात वर्षं तो डोळा मी पुसला. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. कुठल्या दिवशी नुसतं पाणी होतं आणि कुठल्या दिवशी त्या रडत होत्या, मला एकदाही ओळखता आलं नाही.